डाव्या सीटवरचा टायर

आमच्या वाडीत घरटी एक माणूस चाकणला आहे. पोरं जातात, दिवाळीला येतात, कंपनीचे बूट घालून गावभर मिरवतात आणि परत जातात. तिथं काय आहे म्हणून विचारलं तर म्हणतात, "काय न्हाई मावशी, कंपनी हाय." अरे, शेजारी एवढं मोठं पिंपरी-चिंचवड, आणि सांगायला एवढंच? बायांपैकी तर तिकडं जाऊन परत येऊन सांगणारी कुणीच नाही. मी जाऊन आले. तेही पाटणच्या डोंगरातून स्वतः गाडी चालवत गेले. तेव्हा सांगायचा हक्क माझा.

गाडीला मोठे टायर बसवायला चालले आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. डांबरी रस्ता संपला की सड्यावर, त्या उघड्या पठारावर, वाडीपर्यंत नुसते जांभे दगड, आणि आमची पिकअप जुनी, बसकी. प्रत्येक दगडाला तिचं पोट घासायचं. पण टायर कऱ्हाडलाही मिळाले असते. मी एवढ्या लांब गेले ती जैबुनला परत आणायला.

जैबुन कोण ते सांगते. जैबुननं आणि मी मिळून ही पिकअप घेतली. दोघींचे नवरे वारलेले, दोघींनाही घरात बसून राहायचा कंटाळा. मी चालवायची, ती डावीकडं बसायची. डेअरीचं दूध, बाजाराच्या शेळ्या, लग्नाचं वऱ्हाड, अडलेली बाळंतीण, सगळं आम्ही घाट उतरून खाली नेलंय. रिव्हर्स घ्यायचा असला की ती खाली उतरून मागं जाऊन उभी राहायची आणि ओरडायची, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बाऽऽस!" पलीकडच्या डोंगरावरची गुरं चरायची थांबायची, असा आवाज. लोक चिडवायचे, सुमन गाडी चालवते आणि जैबुन सुमनला चालवते. चालवू दे की, तुमच्या बापाचं काय जातं, असं मी म्हणायची.

गेल्या साली तिच्या लेकीचं, शबानाचं, बाळंतपण आलं. लेक-जावई दिघीत राहतात, दोघंही कंपनीत. जैबुन सव्वा महिन्याच्या बोलीवर गेली ती तिकडचीच झाली. फोनवर विचारलं की म्हणायची, "त्या रस्त्यानं माझ्या मणक्याचा भुगा केलाय गं. गाडीला मोठी चाकं टाक, मग येते बघ." एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी ठरवलं, टाकतेच. बघू आता काय कारण सांगते.

दिघी

रस्त्याचं काही सांगत नाही. हायवे तो हायवे. आमच्याकडं समोरून गाडी आली की काच खाली करून "कुठं निघालात?" विचारल्याशिवाय कुणी पुढं जात नाही. तिथं मी एकाला हात केला तर तो घाबरून लेन बदलून गेला. त्यानंतर मी हात स्टेअरिंगवरच ठेवला.

दिघीत शबानाच्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमननं अडवलं. "टेम्पो आत न्यायचा नाही."

"हा टेम्पो नाही, पिकअप आहे," मी म्हटलं.

"मालाची गाडी ना? मग बाहेर. कुणाकडं आलात? फ्लॅट नंबर? फोन करून विचारतो."

आमच्या वाडीत पाहुणा आला तर त्याच्या आधी त्याची बातमी घरात पोचलेली असते, इथं फोन करून खात्री करतात. करा बाबा. मी गाडी समोरच्या लष्करी हद्दीच्या भिंतीच्या कडेला लावली. भिंतीपलीकडं गच्च झाडी, अलीकडं नुसत्या इमारती. गाडीतून कारळ्याची चटणी, नाचणीचं पीठ आणि एक गावठी कोंबडा काढला. कोंबडा पाय बांधून पिशवीत. वर्षानं भेटायचं म्हणजे हात हलवत थोडीच जाणार?

जैबुननं दार उघडलं. बारीक झाली होती. मी "अगं बया!" म्हणून मिठी मारायला पुढं झाले तर तिनं ओठावर बोट ठेवलं. "शूऽऽ! जावई झोपलेत. रात्रपाळी करून आलेत."

घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि मधे पडदा. पडद्याखालून जावयाचे दोन तळवे दिसत होते. सांगितलं तर खोटं वाटेल, मी तिथं राहिले तेवढ्या काळात त्या माणसाचा चेहरा मला धड दिसला नाही. मी जागी तेव्हा तो झोपलेला, तो जागा तेव्हा मी झोपलेली. तळवे मात्र आता कुठंही ओळखीन.

त्या घराची रीतच वेगळी. शबाना पहाटे फर्स्ट शिफ्टला जाते, जावई सकाळी येऊन झोपतो, रात्री शबाना झोपली की तो उठून कामाला जातो. मधल्या वेळेत शबानाची छोकरी झोपते. कुणी ना कुणी झोपलेलं असतंच, म्हणून सगळं कुजबुजत. भांडं घासायचं तर नळ बारीक सोडून. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जैबुन सांडशीनं ती अलगद उचलून धरायची. मी बघतच राहिले. डोंगरावरची गुरं थांबवणारी बाई, आणि आता कुकरलासुद्धा बोलू देत नव्हती.

"कशी हायस?" तिनं कानाशी येऊन विचारलं.

"मला काय धाड भरलीय?" मी नेहमीच्या आवाजात म्हटलं. तिनं दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस वळ होता.

तेवढ्यात पिशवीतला कोंबडा आरवला. तसा मानी कोंबडा. एकदा आरवून थांबला नाही, प्रवासाचा सगळा राग काढला. पडद्याखालचे तळवे हलले, छोकरीनं भोकाड पसरलं, शेजारच्या फ्लॅटचं दार उघडून कुणीतरी "काय चाललंय?" म्हणून ओरडलं. त्यांच्याकडंही कुणी रात्रपाळीचं असणार. मी कोंबडा उचलून पळत खाली गेले आणि गाडीच्या केबिनमधे कोंडला. तिथं तो जैबुनच्या सीटवर ऐटीत बसला. संध्याकाळपर्यंत त्याचा रस्सा झाला होता. जैबुनच्या हातचा तो रस्सा, वर्षभरानं. नाचणीची भाकरी मोडून त्यात घातली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "तिखट झालंय," मी म्हटलं. झालं नव्हतं.

जेवताना मी सांगितलं, "उद्या मोठी चाकं टाकते गाडीला."

तिचा घास हातातच राहिला. "खरंच?"

"मग? तूच म्हणालीस ना?"

"बरं," ती म्हणाली, आणि उठून छोकरीला थोपटायला गेली. छोकरी रडत नव्हती. ते मला दिसलं, पण दिसलं नाही असं मी मनाला सांगितलं.

भोसरीच्या पुढं

दुसऱ्या दिवशी शबानाची सुट्टी होती, त्यामुळं जैबुन माझ्याबरोबर आली. भोसरीकडून मोशीला जाताना हायवेच्या कडेला बबनतात्यांचं टायरचं दुकान आहे. तात्या तिथलेच, जुन्या गावातले. पांढरा लेंगा, गळ्यात जाड साखळी, आणि माणूस असा की टायर विकायला बसलाय का गप्पा मारायला ते कळू नये.

"ह्या पत्र्याखाली आमचा हरभरा व्हायचा," पहिल्या वाक्यालाच त्यांनी सांगितलं. "तिकडं कंपनी हाय ना, तितं विहीर व्हती. आमी पोरं उड्या मारायचो. बोला ताई, काय पायजे?"

मी सांगितलं, ह्या गाडीला ह्याच रिमवर मोठे टायर बसवायचेत, पोट दगडाला लागतं. तात्यांनी चाकाला लाथ मारून बघितली, मडगार्डमधे हात घालून चार बोटं मोजली.

"बसत्यात. का न्हाई बसायचं?"

जॅक लागला, नट निघाले, जुने टायर एकेक करून बाजूला पडले. गुळगुळीत झाले होते बिचारे. आमच्या घाटाची सगळी झीज त्यांच्यावर होती. नवे चढले तसतशी गाडी वर आली. खाली उतरली तेव्हा मी लांब जाऊन बघितलं. एवढी वर्षं वाकून चालणारी बाई एकदम ताठ उभी राहावी तशी दिसत होती. मला इतका आनंद झाला की मी जैबुनच्या पाठीत धपाटा घातला.

तात्यांच्या दुकानात फळीवर नारळ आणि लिंबं ठेवलेलीच असतात. नवा टायर चढला की गिऱ्हाइकानं बाजारात नारळ शोधत फिरू नये म्हणून. चारी चाकांखाली लिंबं ठेवून झाली. तात्या नारळ हातात घेऊन म्हणाले, "मालकीण कोन दोघींत?"

हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला की दोघी एका दमात "दोघी" म्हणायचो. डेअरीवाला, पोलीस, आरटीओ, सगळ्यांना हेच उत्तर दिलंय.

जैबुननं माझ्याकडं बोट केलं. "हीच."

मी नारळ फोडला. पाणी अंगावर उडालं. तात्या "शुभ हाय, शुभ हाय" म्हणत खोबरं वाटत होते, आणि मी माझा तुकडा पदराच्या गाठीत बांधला.

"चल, बस," मी जैबुनला म्हटलं. तिनं दाराचा दांडा धरला, पाय उचलला. पाय पोचेना. परत उचलला. गुडघ्यातून कळ आली असावी, तोंड वेडंवाकडं झालं. "एवढी उंच केलीस व्हय गं, आता मी चढू कशी?" ती हसत म्हणाली. मला हसू आलं नाही. तिच्या मणक्यासाठी गाडी वर केली, आणि गुडघ्याचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तात्यांनी दुधाचा एक रिकामा क्रेट पालथा घातला. त्यावर पाय ठेवून ती चढली आणि आपल्या जागेवर बसली. बसली एवढं खरं.

मी दुकानापुढच्या अंगणात गाडी वळवून बघितली, छान वळली. तात्या म्हणाले, "झालं तर मग!"

"झालं कसं? आमच्या घाटात भरलेली गाडी वळते, रिकामी नाही. वजन घाला."

तात्यांनी शेजारच्या चहाच्या गाड्याकडं तोंड केलं आणि हाळी दिली. "ए, या रे समदे! गाडीत उभं ऱ्हा!" शिफ्ट सुटलेले, शिफ्टला चाललेले, हातात चहाचे ग्लास घेतलेले बाप्ये आले. कोण बीडचा, कोण बिहारचा, कोण ओडिशाचा. का चढायचं ते कुणी विचारलंही नाही, तिथली ती रोजची वजनं असावीत. गाडी भरली. मी स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवलं आणि गाडी सोडली.

घर्रर्रर्र! टायर मडगार्डला असा घासला की मागची माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. कुणाचा तरी चहा टपावर सांडला.

"च्यायला!" तात्या म्हणाले. "हे ध्यानातच आलं न्हाई. ताई, हितं समदं सरळ रस्तं. भरल्या गाडीला एवढं वळवतंय कोन?"

"आम्ही वळवतो," मी म्हटलं. माझा पारा चढला होता. "आधी बघायला नको? का न्हाई बसायचं म्हणे!"

ते बिचारे ओशाळले. हातोडा घेऊन स्वतः मडगार्डची कड ठोकून आत दुमडली. घासणं कमी झालं, गेलं नाही. शेवटी त्यांनी गाडीखाली शिरून एक बोल्ट फिरवला. चाकानं किती वळायचं ते हा बोल्ट ठरवतो. परत माणसं चढली, परत मी वळवलं, घासलं नाही. पण गाडीही पहिल्याइतकी वळली नाही. भिंतीपुढं येऊन अडकली.

"आता हे असंच," तात्या हात पुसत म्हणाले. "चाक मोठं, म्हणून वळायचं कमी. आखूड वळणावर एक रिव्हर्स जादा घ्यावा लागंल. घ्यायचा. मागं कुनी उभं असलं म्हंजे झालं."

मी आणि जैबुननं एकमेकींकडं बघितलं. आमच्या घाटातलं प्रत्येक वळण आखूड आहे, आणि मागं दरी.

आत्ताही भिंतीपासून मागं घ्यायला हवीच होती. मागं हायवे, कंटेनर धडधडत चाललेले. जैबुन खाली उतरली. क्रेट नव्हता, लोंबकळत उतरली. गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली, पदर खोचला, हात वर केला.

"येऊ दे! येऊ दे! येऊ दे!"

देवा, काय आवाज तो! वर्षभर दाबून ठेवलेला. कंटेनरच्या वर गेला. चहाच्या गाड्यावरची माणसं वळून बघायला लागली. तात्यांच्या हातातला पाना तसाच राहिला. मी आरशात तिचा हात बघत गाडी मागं घेत होते आणि रडत होते, उगाच लपवत नाही.

"बाऽऽस!"

मी थांबले. आरशात बघितलं तर जैबुननं तोंडावर हात ठेवला होता आणि घाबरून इकडं तिकडं बघत होती. कुणी झोपमोड झाली म्हणून ओरडतंय का, म्हणून. मग तिच्या लक्षात आलं, इथं कुणी झोपलेलं नाही. तिनं हात काढला, पण परत ओरडली नाही.

त्याच चहाच्या गाड्याशेजारी एक बिहारी बाई लिट्टी भाजत होती. सत्तूचं, म्हणजे भाजक्या हरभऱ्याच्या पिठाचं, सारण भरलेले कणकेचे गोळे निखाऱ्यावर, आणि बरोबर भाजलेल्या वांग्याचा चोखा. आपलं वांग्याचं भरीतच, फक्त फोडणी न देता वरून कच्चं मोहरीचं तेल. ते नाकात जातं, पण चव चांगली. आम्ही दोघी नव्या टायरला टेकून खात होतो. मी सरळच विचारलं, "उद्या निघायचं ना?"

जैबुन लिट्टी मोडत राहिली. "सुमे, मी आले तर शबानाला कंपनी सोडावी लागंल. छोकरीला बघणार कोन?"

"मग फोनवर चाकं टाक, चाकं टाक कशाला करत होतीस?"

"न्हाई येत म्हनायला जीभ उचलंना. म्हटलं, चाकं काय तू टाकनार न्हाईस."

मला असा राग आला! "मी टायर बदलायला आले नव्हते जैबू, तुला न्यायला आले होते. वर्ष झालं, त्या सीटवर मी पिशव्या ठेवते. तुला इथं करमतं तरी का? कुजबुजून कुजबुजून घसा बसायचा तुझा."

"न्हाई करमत," ती म्हणाली. "पन तितं आले तर तितं बी करमायचं न्हाई आता. छोकरी झोपेतनं उठली की पैलं मला हुडकती. तिची आई दिसली तरी मला हुडकती. काय करू, सांग."

मला मूलबाळ नाही. उठल्यावर मला हुडकणारं घरात कुणी नाही, एक मांजर सोडून. मी म्हटलं, "खा, गार होतंय." आणि माझ्यातला चोखा तिच्या पानात वाढला. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, हे मला कळत होतं. कळलं म्हणून दुखायचं थांबत नाही.

चाकण

टायर चार झाले, पाचवा राहिला. ह्या मापाचा स्टेपनीचा टायर तात्यांकडं शिल्लक नव्हता. चाकणला त्यांच्या ओळखीच्या दुकानात होता. तेव्हा तिसऱ्या दिवशी उलटी वाट करून चाकणला गेले.

जैबुन दारापर्यंत आली. जावई नुकताच झोपला होता. तिनं डबा दिला, छोकरीचा हात धरून टाटा करायला लावला, आणि कुजबुजली, "सावकाश जा. वळणावर उतरून बघत जा." मीही कुजबुजले, "व्हय." एवढ्या वर्षांच्या संगतीचा निरोप असा तोंडातल्या तोंडात घेतला. मोठ्यानं रडायचीसुद्धा सोय नाही त्या घरात.

चाकणचा रस्ता म्हणजे चालत गेले असते तर लवकर पोचले असते. कंटेनर, बसेस, परत कंटेनर. कंपनीच्या बसमधे पोरं काचेला डोकं टेकून झोपलेली, तोंडं उघडी. मधेच कांद्याचे ट्रॅक्टर, त्यांचा वास आला की जरा गावात असल्यासारखं वाटायचं. आमची पोरं इथंच कुठंतरी असणार, म्हणून मी प्रत्येक बसमधे बघत होते. सगळ्यांचे शर्ट सारखे, सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्राच्या पट्ट्या. घरटी एक माणूस इथं आहे आमचा, आणि मला एकही ओळखीचा चेहरा दिसला नाही.

शेवटी शेजारच्या शांताबाईच्या गणेशला फोन लावला. तो खूश झाला. "मावशी, तू चाकनला? आईशप्पथ! पन मी लाईनवर हाय गं, सुट्टी होईस्तोवर गेटाभायेर येता येत न्हाई. आईला सांग बरा हाय." तिकडं मशीनचा आवाज येत होता, मधेच फोन बंद झाला. मी त्याच्या कंपनीच्या गेटासमोरच उभी होते, ते सांगायचं राहिलं. शांताबाईनं दिलेले लाडू गेटावरच्या वॉचमनकडं ठेवले. हा वॉचमन भला होता, नाव दोनदा विचारून घेतलं.

पाचवा टायर जुन्या स्टेपनीच्या रिमवर चढवला आणि नवीन घोळ झाला. गाडीच्या पोटाखाली स्टेपनी टांगायची जागा असते, तिथं हा मोठा टायर मावेना. मागं टाका म्हटलं तर दुकानदार म्हणाला, "उघड्यावर नका टाकू ताई, ट्रॅफिकमधे उभ्या गाडीतून उचलतील." मग कुठं ठेवायचा? दोघांनी मिळून तो केबिनमधे चढवला आणि डाव्या सीटवर उभा केला. सीटबेल्ट लावला.

असा टायर शेजारी बसवून मी पाटणला आले. खंबाटकीच्या अलीकडं चहाला थांबले तर हॉटेलवाला म्हणतो, "मावशी, पाहुणे उतरणार नाहीत का चहाला?" सगळे हसले. मीही हसले. "न्हाई, ते रुसलेत," म्हटलं. गाडीत येऊन बसल्यावर मात्र त्या टायरकडं बघवेना. नव्या रबराचा वास केबिनभर पसरला होता. जैबुनच्या तंबाखूच्या मिश्रीचा जो थोडा वास सीटला राहिला होता, तो त्यात गेला.

आणखी एक गंमत. परत येताना दिघीच्या फाट्यावर मीटरचा आकडा बघून ठेवला होता, आणि गावात पोचल्यावर हिशोब केला तर तेवढ्याच रस्त्याचे किलोमीटर जातानापेक्षा कमी भरले. म्हटलं, मीटर बिघडलं. नंतर तात्यांना फोन केला तेव्हा त्यांनी समजावलं. चाक मोठं झालं की तेवढ्याच रस्त्याला ते कमी वेळा फिरतं, आणि मीटर फेरे मोजतं, रस्ता नाही. म्हणजे माझ्या गाडीच्या मतानं दिघी थोडी जवळ आली आहे. हे जैबुनला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझी गाडी तुझ्यासारखीच हाय, मनाला यील ते मोजती." कुजबुजतच म्हणाली.

घाट

आता रोजचं सांगते आणि थांबते. सड्यावरच्या दगडांना गाडीचं पोट लागत नाही. वाडीतले लोक म्हणतात, सुमन, गाडी राजेशाही झाली. झाली आहे. पण वळणावर आता एका दमात वळत नाही. तात्या म्हणाले तसंच होतं. सकाळी दुधाचे कॅन भरून निघते, वळण आलं की अर्धं वळवून थांबते, हँडब्रेक ओढते, खाली उतरते, मागं जाऊन दरी बघते, एक मोठा दगड कडेपासून पुरेसा अलीकडं ठेवते, परत चढते, आणि चाक दगडाला टेकेपर्यंत रिव्हर्स घेते. टेकलं की थांबायचं. जैबुन जिथं उभी राहायची, साधारण तिथंच तो दगड असतो.

घाटात एकाच वळणावर रेंज येते. परवा तिथं थांबले असताना जैबुनचा फोन आला. "कुटं हायस?" विचारलं.

"वळणावर. दगड ठेवून आलेय. रिव्हर्स घेणार आहे."

"थांब. फोन ठिवू नको. सीटवर ठिव."

मी फोनचा आवाज मोठा करून डाव्या सीटवर ठेवला. टायर आता तिथं नाही, घरी पडवीत आहे. रिव्हर्स टाकला.

फोनमधून अगदी हळू आवाज आला. जावई झोपला असणार, नाहीतर शबाना, नाहीतर छोकरी. "येऊ दे... येऊ दे... येऊ दे..."

तिला काही दिसत नव्हतं. ना चाक, ना दगड, ना दरी. मी इंचाइंचानं गाडी मागं घेत होते.

"बास."

दगडाला चाक टेकलं नव्हतं, अजून हातभर जागा होती. मला पक्कं माहीत होतं. तरी मी ब्रेक दाबला.

"बसलं का गं वळन?" तिनं विचारलं.

"नाही बसलं," मी म्हटलं. "परत एकदा घ्यावा लागेल."

"मग घे की," जैबुन म्हणाली. "मी हाय."